ट्रामच्या तीन फेऱ्या

"उतरायचं कुठं ते मी सांगेन. तुम्ही निवांत बसा," असं फर्मान काढून तानूआक्का शहराभोवती गोल फिरणाऱ्या ट्रामच्या खिडकीशी बसल्या. लेकांकडे जिलाँगला राहायला आल्यापासून दोघी मैत्रिणी पहिल्यांदाच शनिवारी मेलबर्न बघायला निघाल्या होत्या, तेही मुलांना मागे ठेवून. प्रमिलाबाईंना मोठा बाजार बघायचा होता आणि तो तीनला बंद होणार होता.

दर थांब्याला आक्का पाटीकडे मान उंचावून बघत आणि निकाल देत, "हे नव्हे. अजून लांब आहे." आपण मॅट्रिक असल्याचं त्यांनी पहिल्याच भेटीत प्रमिलाबाईंना ऐकवलं होतं. खरं तर त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती.

घुमटाचं पिवळं स्टेशन तिसऱ्यांदा मागे पडलं.

"या गावात पिवळी स्टेशनं फार दिसतात हो," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"श्रीमंत गाव आहे. परवडतं त्यांना!"

पण अडीच वाजून गेले होते. आपल्या तोऱ्यापायी या बाईचा बाजार बुडणार, हे आक्कांना आतून टोचलं.

"मला इंग्रजी वाचता येत नाही," त्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या. "मराठीसुद्धा अडखळतच. हसा आता."

"बाजार दोनदा मागे गेला, आक्का. म्हटलं, तुमचं वाचन कुठवर जातंय ते बघू!" प्रमिलाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

आक्कांनी वळून त्यांच्याकडे डोळे वटारले.

"एवढं हसू येतंय, तर पुढची पाटी वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "आणि जरा हळू वाचा. मला एकेक अक्षर बघू दे."