वरचा मजला

"काकू, गच्चीवर पत्रे टाकायचे तर या सळया कापाव्या लागतील," ठेकेदार म्हणाला.

घर बांधताना इंदुमतीच्या नवऱ्याने लेकाच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया वर काढून ठेवल्या होत्या. पुढे नवरा गेला, लेक कॅनडात स्थिरावला आणि स्लॅब गळू लागला. तरी तिने लेकाला फोन लावला.

"कापू दे ना, आई. त्यात विचारायचं काय?"

तो नको म्हणेल, असं तिला उगाच वाटलं होतं. तिने ठेकेदाराला होकार दिला आणि कटरचा आवाज येऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

संध्याकाळी लेकाचाच फोन आला. "कापल्या?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्याच."

 त्यानंतर बराच वेळ फोन कोणीच ठेवला नाही.