शुक्रवारचा चोर

“डोळे मिटून ओरडताय होय? मग चोराला बघणार कोण?” रुपाली मॅडमनी विचारलं, तशा हॉलमधल्या सगळ्या बायका हसल्या.

दानेश्वरीनं डोळे उघडले आणि पुन्हा प्रयत्न केला. आवाज निघाला, पण जणू शेजारी निजलेल्या लेकराची झोप मोडू नये अशा बेतानं.

सोलापुरात भवानी पेठेतल्या समाजमंदिरात बायकांसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग भरायचा. रुपाली मॅडम शाळेत खेळ शिकवत. इथं हौसेनं येत. दानेश्वरीला तिथं ओढून आणलं होतं तिच्या सासूनं, काशम्मानं. स्वतः काशम्मा खुर्चीत बसून फक्त शेरे मारायची.

गेल्या दिवाळीत नवी पेठेतल्या भर गर्दीत मोटारसायकलवरच्या एकानं दानेश्वरीच्या गळ्यातलं गंठण ओढून नेलं होतं. गंठण गेल्याचं दुःख होतंच. पण तोंड उघडं राहिलं आणि आवाज फुटलाच नाही, हे दुःख त्याहून मोठं होतं. तेव्हापासून ती एकटी बाहेर पडली नव्हती. घरी ती साड्यांना फॉल-पिको करायची. फॉलचं कापड आणायचं म्हटलं तरी नवऱ्याला, सिद्धूला, दुकान सोडून यावं लागे. पुन्हा एकटीनं नवी पेठेत जाऊन यायचं, एवढीच तिची इच्छा होती.

“पहिले दोन क्षण वाईट,” मॅडम सांगत होत्या. “माणूस मनाशी म्हणतो, हे खरं नसणार. चोराला तेवढेच दोन क्षण पुरतात. आपण काय म्हणायचं? हे खरं आहे आणि आत्ता घडतंय.”

बायकांनी पाढे म्हणावेत तसं ते म्हटलं.

अचानक संकट आलं तर काय करायचं, हाही अभ्यास मॅडम देत; तो काशम्मा घरी करून घ्यायची. भाकरी थापताना मध्येच विचारायची, “लाईट गेली. बॅटरी कुटं हाय? गॅस कोण बंद करणार?” दानेश्वरी अचूक सांगायची. आपत्तीची सगळी तयारी झाली होती, घोडं अडलं होतं ते आवाजापाशी.

“शुक्रवारी परीक्षा,” मॅडमनी जाहीर केलं. “एक चोर येणार. होटगीचा बिरप्पा माझ्या ओळखीचा आहे, तो कुणाला तरी पाठवतोय. मीसुद्धा त्याला पाहिलेलं नाही. चहानंतर कधीही येईल. तो काही उचलायला लागला, की धरायचं. जिवावर उठायचं नाही.”

“आन् लागलं त्याला, तर?” काशम्मानं विचारलं.

“मग चहा पाजू की त्याला.”

शुक्रवारी दानेश्वरी शिकवल्याप्रमाणे दाराकडे तोंड करून बसली. दाराशी सतरंजीवर सगळ्यांच्या पर्स पडल्या होत्या. चहाची किटली अजून यायची होती. एवढ्यात तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस आत आला. सोलापूरच्या उन्हात निम्मं गाव तोंड बांधूनच हिंडतं, त्यामुळे रुमालाचं कुणाला नवल वाटलं नाही. तो वाकला. आपली हरवलेली चप्पल शोधावी इतक्या सहजपणे त्यानं एक पर्स उचलली.

“आला गं, आला!” कुणीतरी कुजबुजलं. पदराआड हसू दाबत प्रत्येकीनं शेजारणीकडे पाहिलं. उठलं मात्र कुणीच नाही.

दानेश्वरी उठली.

“कळ्ळ! कळ्ळ!”

माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे ‘चोर, चोर’ कन्नडमध्येच फुटलं, आणि असं फुटलं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. पळत जाऊन तिनं त्याचं मनगट धरलं आणि शिकवल्याप्रमाणे पिळलं. पर्स खाली पडली. पाठोपाठ तोही गुडघ्यावर आला.

“सोडा ओ ताई! चुकलं माझं! पाया पडतो तुमच्या, पोलिसात नका देऊ!”

“काय काम करतोय बघा!” मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. दानेश्वरीनं ओशाळून हात सोडला.

तो जरा वेळ गुडघ्यावरच राहिला. टाळ्या वाजवणाऱ्या बायकांकडे एकेक करून पाहत राहिला. किटली आली तसा मॅडमनी त्याच्या हातात पहिला कप दिला. रुमालाची कड उचलून त्यानं तो गरम चहा एका दमात संपवला. काशम्मानं त्याच्या मनगटाला खोबरेल चोळलं. “लई जोरात पिळलं की रे तुला आमच्या सुनंनं.”

“काय न्हाय मावशी. जाऊ का मी?”

“रिक्षाचं भाडं घेऊन जा,” मॅडम म्हणाल्या.

“नको, नको.”

“बरं, बिरप्पाला सांग, माणूस झकास पाठवलास म्हणून.”

“व्हय, व्हय, सांगतो,” म्हणत तो निघालासुद्धा.

मॅडम खूश होत्या. “चहानंतर ये म्हटलं, तर हा चहाआधीच आला. बरं केलं. चोर काय वेळ सांगून येतो?”

सगळ्यांनी दानेश्वरीची पाठ थोपटली. ती मात्र पडल्या चेहऱ्यानं बसून राहिली.

“मॅडम, नाटक हाय हे ठाऊक होतं म्हणून वरडले. खऱ्या चोरापुढं न्हाय व्हायचं माझ्याच्यानं.” इतके दिवस शिकून शेवटी काय, तर नाटकापुरता आवाज! तिला स्वतःचा राग आला आणि रडूही आलं.

“मग कन्नडमध्ये कशापायी वरडलीस?” काशम्मा म्हणाली. “नाटक मराठीत करायचं की!”

बायका हसल्या. दानेश्वरीनं डोळे पुसले आणि सिद्धूला फोन लावला. “या न्यायला,” एवढंच ती म्हणाली.

बायका आपापल्या पर्स उचलू लागल्या होत्या. तेवढ्यात दारात एक जाडजूड माणूस धापा टाकत उभा राहिला. त्यानं चपला काढून भिंतीकडेला नीट लावल्या, घाम पुसला आणि हात जोडले.

“रुपाली मॅडम कोण? मला होटगीच्या बिरप्पांनी पाठवलंय. रेल्वेचं फाटक पडलं होतं, म्हणून उशीर झाला. चहा झाला का तुमचा? चोर मी हाय.”