आबांचं वाचन

“पोरावर लई ध्यान हाय तुझं, चांगलंच हाय. पण घरात दुसरी माणसंबी हाईत. त्यांच्याकडं बघत जा की जरा.”

राधानगरीहून आलेल्या आक्कांनी, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीनं, चहाची बशी खाली ठेवता ठेवता हे सुनावलं होतं. भैरवीनं ते हसण्यावारी नेलं. आक्का वर्षातून दोनदा यायच्या आणि दर वेळी कुणाला तरी फैलावर घेऊन जायच्या. या खेपेला तिची पाळी होती, एवढंच.

आणि बघायचं ते ती बघत होतीच की. अर्णव पाच वर्षांचा. त्याच्या वर्गात सात पोरांना चष्मे लागले होते, तिनं मोजले होते. म्हणून तिनं ठरवून टाकलं, या घरात वाचन होईल ते कागदावर. नवऱ्यानं, ऋतुराजनं, सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या पंच्याहत्तरीला ई-रीडर आणला. “अक्षरं पाहिजे तेवढी मोठी होतात, आबा,” म्हणाला. आठवड्याच्या आत तो कपाटात गेला. मोठ्यांच्या हातात स्क्रीन दिसली की पोर स्क्रीनच मागतं, हे भैरवीचं म्हणणं, आणि त्यापुढं घरात कुणाचं चालत नसे.

एकदा आबांनी स्वतःच विषय काढला होता.

“मोबाइलवर म्हणे पुस्तकं ऐकायला मिळतात?”

“आबा, तुम्हीच कानात बोंडं घालून बसलात तर पोरानं कुणाकडं बघायचं?”

आबा हसले. “तेही खरंच,” म्हणाले. पुन्हा विचारलं नाही.

आबा कोडोलीच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मंगळवार पेठेतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत रोज चार वाजता आजोबा आणि नातू पुस्तक घेऊन बसत. भैरवी आत कणीक मळता मळता ऐकत असे. आबांचा चढणारा, उतरणारा आवाज. मधेच अर्णवचं खिदळणं. शाळेच्या फाटकापाशी इतर आया पोरं मोबाइलशिवाय जेवत नाहीत म्हणून रडगाणं गायच्या, तेव्हा ती म्हणायची, “आमच्याकडं नाही बाई तसलं काही. आमच्याकडं आबा आहेत.”

एका गुरुवारी आबा कटिंगला गेले होते. चार वाजले. अर्णव पुस्तक घेऊन आला, तेव्हा भैरवीच वाचायला बसली. तिसऱ्याच ओळीला त्यानं तिला थांबवलं.

“चुकीचं वाचतीस तू.”

पुस्तकातला हत्ती बाजारात छत्री घ्यायला निघाला होता. अर्णवच्या मते तो कोडोलीच्या शाळेत उशिरा पोचला होता, मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं होतं, आणि बाक मोडला होता.

“हे कुठं लिहिलंय रे?”

“आबा वाचतात की तसं. मी चित्र सांगतो, मग ते वाचतात.”

भैरवीला कौतुक वाटलं. मास्तर ते मास्तर, पोराला बोलतं करायची ही त्यांची रीत असणार. पण रात्रीची भांडी आवरून झाली तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

शनिवारी अर्णव खालच्या मजल्यावर वाढदिवसाला गेला. तिनं त्याचं एक पुस्तक उचललं आणि बाल्कनीत आबांच्या शेजारी खुर्ची ओढली.

“आबा, आज मला वाचून दाखवा.”

“तुला? तू काय लहान आहेस काय?”

“एकच पान.”

त्यांनी पुस्तक उघडलं. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. पान उजेडाकडं कललं. बोट पहिल्या ओळीवर आलं आणि तिथंच राहिलं. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत बोट हललं नाही. मग आबा हलक्या आवाजात म्हणाले,

“चित्रात काय आहे, तेवढं सांग.”

भैरवीनं पुस्तक त्यांच्या हातून काढून घेतलं नाही.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. चेहरे दिसतात, रस्ता दिसतो. अक्षरं तेवढी पुसल्यागत झाली.”

“बोलला का नाही?”

“बोललो असतो, तर पोराला माझ्याजवळ एकटं ठेवलं असतंस?”

ठेवलं नसतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. रक्तातल्या वाढलेल्या साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब केले होते. “चालता-फिरता येतं, माणसं ओळखता येतात, म्हणून घरच्यांना कळत नाही,” डॉक्टर म्हणाले. “गेलंय त्यातलं फारसं परत येणार नाही. उरलंय ते राखू. सहा महिने आधी आला असता तर बरं झालं असतं.”

आता आबांच्या ई-रीडरवर एका ओळीत तीन शब्द मावतात. डोळे दमले की ते फोनवर पुस्तक ऐकतात, अर्णवच्या देखत, आणि पोराचं काहीही बिघडलेलं नाही. चार वाजता मात्र कागदाचंच पुस्तक उघडतं. अर्णव चित्र सांगतो, आबा गोष्ट रचतात, आणि भैरवी त्या दोघांना एकटं सोडून खुशाल भाजी आणायला जाते.

फाटकापाशी आया अजून विचारतात, कागद चांगला, स्क्रीन चांगली, की ऐकणं चांगलं? तुम्ही विचारलंत तर तुम्हालाही ती एकच सांगेल. ते मागाहून ठरवा. तुमच्या घरात कुणी रोज पुस्तक उघडून शांत बसत असेल, तर आज त्यांच्या शेजारी बसा आणि दोन ओळी मोठ्यानं वाचायला सांगा. चष्मा सापडत नाही म्हणाले, तर तो शोधून द्या, आणि उठू नका.