हेवी रेन

"अर्ज यंत्राने लिहिलेला दिसतो. नामंजूर."

तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं आणि दमयंतीबाईंचं डोकंच फिरलं. लेकीचं बाळंतपण परदेशात, तारीख आठवड्यावर आलेली, आणि व्हिसाचं तपासयंत्र म्हणतं, इतकं ठरावीक शब्दजोड्यांचं इंग्रजी माणूस लिहीत नाही! अहो, 'हेवी रेन', 'स्ट्राँग टी' या जोड्याच तर बाईंनी चाळीस वर्षं वर्गात मुलांकडून घोकवून घेतल्या होत्या. 'बिग रेन' लिहिणाऱ्या शाळकरी अंकुशला तर बाकावर उभं केलं होतं.

शेवटी तणतणत त्या अंकुशच्याच गॅरेजात गेल्या. "तुझ्या मोडक्या इंग्रजीत अर्ज लिहून दे बाबा."

अंकुशनं मन लावून पान भरलं. बाईंनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. एकही जोडी चुकली नव्हती.

"बाई, त्या दिवसापासून कध्धी चुकलो नाही," तो अभिमानानं म्हणाला.