हिरवं पुडकं

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं. आतल्या मावशी जवळजवळ धावतच समोरच्या खोलीत गेल्या आणि हिरव्या कापडात गुंडाळलेलं एक लांबट पुडकं घेऊन परत आत शिरल्या.

बाहेरच्या बाकावर मी आणि जावई. आत माझी लेक, गर्भाशयातली गाठ काढायला.

"आई, ते काय नेलं हो त्यांनी?" जावयाने विचारलं.

माझी अख्खी नोकरी याच दारापलीकडे गेली, सिस्टर म्हणून. त्या पुडक्यात वीतभराहून लांब नीडल होल्डर असतो. पोटात खोल, जिथे बोटं पोचत नाहीत आणि रक्तामुळे धड दिसतही नाही, तिथे टाका घालायला. साध्या ऑपरेशनला तो काढतच नाहीत. अडलं की मागवतात.

"टाके घालायचं हत्यार आहे," मी म्हणाले. खोटं काही बोलले नाही.

"टाके? म्हणजे झालंच की!" सकाळपासून पहिल्यांदा तो हसला. लगेच घरी फोन लावला. "हो, हो, टाके घालतायत. आता काही काळजी नाही. आईच म्हणाल्या, आणि त्यांना सगळं कळतं त्यातलं."

मी त्याला पोटभर बोलू दिलं. फोन खिशात टाकून तो उठला. "तुमच्यासाठी चहा आणतो."

मी त्याचं मनगट धरलं.

"चहा राहू द्या. माझं रक्त तिला चालत नाही. तुमचा रक्तगट कोणता?"