हक्काची म्हातारी

अंजू कंपनीच्या गाडीतून उतरली, ड्रायव्हरनं मागून दार लावलं, आणि शिवकांताच्या पोटात दुखायला लागलं. गेल्या वर्षापर्यंत दोघी इथंच, लातूरबाहेरच्या ट्रस्टच्या शुश्रूषालयात, शेवटच्या दिवसांतल्या पेशंटांचं करत होत्या. मग अंजू नांदेडला एका कंपनीच्या केंद्रात गेली. काम तेच, मरणाला टेकलेल्या माणसांचं. पण तिथं एसी होता, पगार वेळेवर होता, आणि पायात हे असले पांढरेशुभ्र बूट. शिवकांतानं आपली शिवलेली चप्पल खाटेखाली सरकवली.

ती सिद्धम्मा नावाच्या म्हातारीला चमच्यानं पेज भरवत होती. अंजू तिथंच येऊन उभी राहिली.

"नांदेडच्या जागेचा आमचे सर आजच जबाब मागून राहिलेत," अंजू म्हणाली. "हाव म्हण. माझीच जागा हाय. तू तिकडं जा, मी इकडं परत येते."

"डोकं फिरलं का तुझं? भरल्या ताटावरून कामून उठून राहिली?"

"तिथं पेशंटच्या लेकाला मोठी खोली घ्या म्हणून पटवावं लागतं गं. मागं उदगीरचे एक अप्पा गेले, आपल्यातलेच. बसवते म्हणलं, तर कागद होईस्तोवर हात लावू दिला न्हाई. लेक आला तवर अंग ताठलं होतं."

लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात. अंग ताठायच्या आत मांडी घालून द्यावी लागते, आणि इथं ते काम नर्साच करत. शिवकांताला वाईट वाटायला हवं होतं. तिला वाटलं, पोट भरलं की माणसाला असली दुःखं सुचतात. तुला नको झालंय ना, मग दे मला.

"येते म्हणून सांग सरांना," ती म्हणाली.

अंजूचा चेहरा फुलला. ती खाटेवर वाकली आणि कानडीत खुशाली विचारली. "येन अव्वा, हेंग इद्दी?"

सिद्धम्मा सीमेवरच्या गावची. मराठी तिला सगळं कळे, पण दोन महिन्यांत शिवकांताशी ती मान हलवण्यापलीकडं बोलली नव्हती. अंजूचं आजोळ भालकीचं, म्हणून कानडी तिच्या तोंडात. म्हातारीनं तिचं मनगट धरलं आणि थांबत थांबत बोलायला लागली. मध्येच हसलीसुद्धा. तिला हसता येतं हे शिवकांताला आज कळलं.

चमचा हातात धरून ती बघत राहिली. जखमा हिनं धुवायच्या, कूस हिनं बदलायची, आणि हसू आल्यागेल्या पाहुणीला! गाडी बघून झालं नव्हतं, बूट बघून झालं नव्हतं, इतकं तिला आत्ता जळायला झालं.

"काय म्हणली?"

अंजू घुटमळली. "तिनं आपलं बोलणं ऐकलं. म्हणती, ही तर नांदेडला चालली. मग मी गेल्यावर तूच बसव मला."

शिवकांताच्या अंगाचा तिळपापड झाला. सेवा, माया, ट्रस्टचं पुण्य, यातलं काहीच तिच्या डोक्यात नव्हतं. म्हातारी माझी आहे, एवढंच होतं.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अंजूनं मोबाईल काढला. "लावू का सरांना?"

"लाव. जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."

"आन् माझं काय, शिवकांता? मी कुठं जाऊ?"

शिवकांतानं वाटी खाली ठेवली, म्हातारीची बोटं अंजूच्या मनगटावरून एकेक करून सोडवली आणि आपल्या मुठीत घेतली.

"तिला काय सांगून राहिली, अव्वा?" ती म्हणाली. "डाव्या कुशीला जखम हाय तुझ्या. बसवताना तुला कुठनं धरायचं, तिला काय ठावं?"