अंतराळवीराची नमाज

"अब्बा, अंतराळवीरानं नमाज कशी पढायची? वर्गातल्या पोरींनी मला पेचात पाडलंय," आंबे पिळता पिळता रुखसारनं विचारलं. ती रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. बापाला बघायला गाडी पकडून पेणला आली होती.

खाटेवर पडलेल्या अस्लमनं कान टवकारले. तीस वर्षं तो धरमतरच्या खाडीत मालाच्या बार्जवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता आणि तीस वर्षांत एक नमाज चुकवली नव्हती. पण चार महिन्यांपूर्वी अंगणात घसरला, खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना, वाकता येईना. खोली एवढीशी, की खाट काब्याच्या दिशेला फिरेना. असली मोडकीतोडकी नमाज अल्लासमोर न्यायची त्याला लाज वाटे. अजान झाली की तो तोंडावर चादर ओढून घेई. घरच्यांनी सांगून पाहिलं, पण म्हातारा एक नंबरचा हट्टी. चादरीआड मात्र त्याचा जीव तुटायचा.

"त्यात पेच कसला? काब्याकडं तोंड करायचं," तो म्हणाला.

"यान दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं, अब्बा. दिशा धरायची कुठली?"

"आमची बार्ज बी भरती-ओहोटीला फिरायची गो. सुरू करताना जमंल तशी दिशा धरायची. फुडं आपला इलाज नाय."

"तिथं धड उभं राहता येत नाय. वाकता येत नाय."

"मंग पडून पढायची. तेबी नाय जमलं तं डोळ्यांनी."

"पाणी तरंगतं. हात-तोंड धुवून वजू कसा करायचा?"

"पाणी नाय तं भिंतीला हात टेकायचं, तोंडावरून फिरवायचं. तोच वजू." अस्लम आता रंगात आला. "एवढ्या लांब त्याला धाडलं कोणी? अल्लानंच ना? मंग त्याची अडचण अल्लाला ठावं नाय व्हय?"

तो बोलून गेला. स्वतःचेच शब्द त्याच्या कानांत घुमत राहिले. रुखसार खाली मान घालून आंबे पिळत होती.

दुपार कलली, असरची अजान झाली. चादर पायथ्याशीच राहिली. अस्लमनं भिंतीला तळवे टेकवले, तोंडावरून, हातांवरून फिरवले. मान वळेल तेवढी पश्चिमेला वळवली. ओठ हलू लागले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या जिवाला गार वाटलं.

डोळे उघडले तेव्हा रुखसार रसाची वाटी घेऊन उभी होती. त्यानं वाटी घेतली, तिच्याकडे बघितलं आणि मिशीत हसला.

"शाळंला सुट्टी लागून पंधरा दिस झालं ना गो? मंग पोरींनी इचारलं कवा?"